सायनस चोंदल्यावर घरी सुगंधी तेलं वापरता का? कोणती, किती आणि कशी?

रानजाई

पुण्यात थंडी पडली की माझं डोकं जड व्हायला लागतं. यंदा जरा जास्तच झालंय. बारा दिवस झाले, डावं नाक चोंदलेलं आहे, डाव्या गालात ठणका आहे आणि वह्या उचलायला वाकलं की कपाळात कळ जाते. शाळेत दिवसभर बोलून घसाही बसतो. रात्री दोन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपते. शेजारी इमारतीचं काम चालू आहे, त्यामुळे धुळीला सुट्टी नाही.

दिवाळीत नणंदेने तेलांचा एक संच भेट दिला. त्यात निलगिरी, पुदिना, टी ट्री, रोझमेरी, लव्हेंडर आणि लवंग अशा सहा बाटल्या आहेत, सोबत पाण्यात थेंब टाकून वास खोलीत पसरवणारा डिफ्यूझर. पुदिन्याचा वास घेतला की दहा मिनिटं खूप मोकळं वाटतं, मग पुन्हा तेच. वाफाऱ्यात टाकायचं का, की कपाळाला लावायचं? डिफ्यूझर रात्रभर चालू ठेवला तर चालतो का? घरात चार वर्षांचा मुलगा आहे आणि सासूबाईंना दमा आहे, म्हणून आधी विचारतेय. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भाकरतुकडा

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाफारा. पातेलंभर पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, दोन थेंब निलगिरी टाकायची आणि डोक्यावरून पंचा घेऊन बसायचं. डोळे घट्ट मिटायचे, नाहीतर चुरचुरतात. आजी वर सुंठ उगाळून कपाळाला आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना गरम लेप लावायची. लेप वाळून कातडी ओढायला लागला की झोप येते, हा माझा अनुभव. लेप पातळ लावा, सुंठ भाजते.

आठ_अठराची_लोकल

रुमालाच्या कोपऱ्याला निलगिरीचा एक थेंब, बस्स. ठाण्याहून चढलो की रुमाल नाकाशी धरतो, भायखळ्यापर्यंत डोकं शांत. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या सीटवरचे काका रोज विचारायचे, "आणलास का रे?" आता तेच मला थेंब देतात.

कुन्नूरचा_पाऊस

निवृत्तीआधी तीन वर्षं कुन्नूरजवळच्या वेलिंग्टनला होतो, त्यामुळे निलगिरी तेल बनताना डोळ्यांनी पाहिलंय. उटीच्या बाजूला रस्त्याकडेला पत्र्याच्या शेड असतात. मोठ्या पिंपात पाला ठासून भरतात, खालून जाळ लावतात, वाफ नळीतून गार पाण्यातून नेतात. दुसऱ्या टोकाला पाणी आणि वर तरंगणारं तेल. शेडपासून लांब उभं राहिलं तरी नाक उघडायचं. झाड मात्र आपलं नाही, ऑस्ट्रेलियाचं. १८४० च्या दशकात इंग्रजांनी सरपणासाठी तिथे लावायला सुरुवात केली आणि आपण डोंगराचं नाव झाडाला दिलं.

माझी मुलगी लहान असताना तिथली एक बाई पाल्याची डहाळीच उकळत्या पाण्यात टाकून द्यायची. बाटलीपेक्षा ते सौम्य असतं. पाला मिळत असेल तर तो वापरून बघा.

कानघसा

मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. जरा लांबेल, पण प्रश्न महत्त्वाचा आहे.

चेहऱ्याच्या हाडांमध्ये हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. सायनस म्हणजे त्या पोकळ्या. त्या सगळ्यांनाच असतात, आजार असतो तो त्यांच्या अस्तराला सूज येण्याचा. गालातली पोकळी सगळ्यात मोठी, आणि तिचं तोंड खाली नसून आतल्या भिंतीत वरच्या बाजूला आहे. म्हणजे उभ्या माणसाच्या गालातला चिकट द्राव आपोआप खाली वाहून जात नाही, अस्तरावरचे सूक्ष्म केस तो वर ढकलत तोंडापाशी नेतात. सर्दीत किंवा ॲलर्जीत त्या अरुंद तोंडाला सूज आली की रस्ता बंद. वाकल्यावर कळ येते ती यामुळे.

आता पुदिना. त्यातलं मेंथॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरना, चेतवतं. गार हवा आत जातेय असा निरोप मेंदूला मिळतो आणि मोकळं वाटतं. नाकातून प्रत्यक्ष किती हवा जाते ते यंत्राने मोजलं तर मेंथॉलच्या आधी आणि नंतर फारसा फरक दिसत नाही. सूज तिथेच असते, मोकळेपणा हा नुसता भास. रानजाई ताई, तुमची दहा मिनिटं ही अशी आहेत. तो आराम खोटा आहे असं मी म्हणत नाही, झोप लागायला तो पुरला तर माझी हरकत नाही. पण चोंदलेलं सुटलं असं समजून पुढचे उपाय थांबवू नका. हे ग्राही शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. त्यांचं आधीचं काम मिरचीच्या तिखटपणावर होतं, तिखट म्हणजे शरीराला 'गरम'चा निरोप. मला हा विषय अतिशय आवडतो.

तुमच्या घरापुरतं स्पष्ट सांगते. डिफ्यूझर रात्रभर नको, सासूबाईंच्या खोलीत तर अजिबात नको. तीव्र वासाने दम्याचा झटका येऊ शकतो, मग वास नैसर्गिक असो की कृत्रिम. मुलाच्या नाकाजवळ, छातीला, उशीला पुदिना, निलगिरी किंवा कापूर लावू नका. लहान बाळांच्या नाकाशी मेंथॉल नेल्यावर श्वास क्षणभर थांबल्याच्या नोंदी आहेत. तुमचा मुलगा बाळ नाही, पण चार वर्षांच्या मुलाला खेळायला बाटली सापडते. निलगिरीचा एखादा चमचा पोटात गेला तर फिट्स येऊ शकतात, गुंगी येऊ शकते. सहाही बाटल्या आजच वरच्या कप्प्यात, कुलपात.

आणि बारा दिवस झालेत. साधी सर्दी दहा दिवसांत ओसरायला लागते. तुम्ही तपासून घ्या.

रानजाई

बाटल्या कुलपात गेल्या. डिफ्यूझर बंद केला. सासूबाई म्हणाल्या, परवापासून त्यांची छाती भरल्यासारखी होत होती, पण सुनेचं डोकं दुखतंय म्हणून बोलल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. डॉक्टर, मनापासून आभार.

वैद्य_सातारकर

वरच्या प्रतिसादांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. संचातली तेलं उडनशील आहेत, म्हणजे पाल्यातला, सालीतला वास वाफेने काढून जमवलेला. ती अतिशय तीव्र असतात, थेट नाकात घालायची नाहीत, कातडीवरही निव्वळ लावायची नाहीत. आम्ही नस्याला, म्हणजे नाकात औषधी तेल सोडायच्या उपचाराला, वापरतो ते अणुतेल तिळाच्या तेलात शेळीचं दूध आणि अनेक वनस्पती घालून सिद्ध करतात. दोन्हीला मराठीत 'तेल'च म्हणतो, म्हणून घोळ होतो. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांनी 'नाकात तेल सोडा' हे ऐकून निलगिरी सोडली होती. दोन दिवस नाकातून पाणी आणि आग.

नस्यही ऊठसूट नाही. नुकती सर्दी झालेली असताना, जेवल्या जेवल्या, डोक्यावरून अंघोळ केल्यावर नस्य देऊ नये असं शास्त्रातच आहे. जुनाट, कोरड्या नाकाला ते चांगलं. रानजाई ताईंच्या आत्ताच्या अवस्थेत मी देणार नाही.

कानघसा

वैद्यबुवा, हा भेद तुम्ही सांगितलात ते बरं झालं, माझ्याकडून राहिलाच होता. नस्याबद्दल माझा आक्षेप मात्र आहे. कुठलंही स्निग्ध तेल रोज नाकात घातलं आणि त्याचा अंश श्वासाबरोबर खाली गेला, तर फुप्फुसात साचून न्यूमोनियासारखा विकार होतो. तेल असल्याने खोकलाही पटकन येत नाही. तान्ह्या बाळांच्या नाकात तेल किंवा तूप सोडण्याची पद्धत अजून आहे, त्यात हे विशेष घडतं.

वैद्य_सातारकर

तान्ह्या बाळाला नाही, याबद्दल आपलं पूर्ण एकमत. नस्याला सात वर्षांखालील मूल आम्हीही घेत नाही. मोठ्यांमध्ये मान मागे झुकवून, दोन-दोन थेंब, घशात आलेलं थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. नीट केलं तर अनुभव चांगला आहे. इथे आपलं मत वेगळं राहील आणि राहू दे.

पाऊलवाट

वाफाऱ्याबद्दल एक लिहायचंय. लिहिताना अजून हात कापतात.

माझी लेक तेव्हा पाच वर्षांची होती. सर्दीने बेजार, म्हणून मी जमिनीवर पातेलं ठेवलं, तिला समोर बसवलं आणि दोघींवर चादर घेतली. तिला आत कोंडल्यासारखं झालं, ती दचकून उठली आणि पातेलं तिच्या मांडीवर उलटलं. चौदा दिवस रुग्णालयात. आता ती अकरावीत आहे, चांगली आहे, पण मांडीवर खूण आहे आणि ती अजूनही वाफेजवळ जात नाही.

मला कुणीच सांगितलं नव्हतं की यात धोका आहे, कारण सगळ्यांच्याच घरी असं करतात. कृपा करून मुलांना वाफारा देऊ नका. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून, दार लावून, मुलाला मांडीवर घेऊन आतच, नळापासून लांब बसलात तरी पुरे, हवा ओलसर होते. मोठ्यांनीही पातेलं टेबलावर मध्यभागी ठेवा, मांडीवर किंवा पलंगावर नको.

भाकरतुकडा

पाऊलवाट, वाचून पोटात कालवलं. माझी मुलंही याच पद्धतीने वाढली, कधी विचारच केला नाही. वाफेचं यंत्र घेते.

राइनकाठ

मी कोलोनला असतो. इथे सर्दी घेऊन औषधाच्या दुकानात गेलं की सिनिओलच्या कॅप्सूल देतात. सिनिओल म्हणजे निलगिरी तेलातला मुख्य घटक. मला वाटायचं हे आपल्या आजीच्या बटव्यासारखंच असेल, पण इथल्या लोकांनी त्याचा नीट अभ्यास केलाय. २००४ मध्ये १५२ रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना सिनिओल, निम्म्यांना बिनऔषधाची कॅप्सूल, आणि कुणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. २०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. सिनिओलवाल्यांची डोकेदुखी आणि चोंदणं लवकर कमी झालं. म्हणजे निलगिरीत नुसता वास नाही, काहीतरी आहे.

घाईने जोडतो: कॅप्सूल मोजून भरलेली असते आणि पोटात पुढे जाऊन विरघळते. घरच्या बाटलीतलं तेल पिऊ नका! माझ्या मावसभावाने मधात चार थेंब घालून चाटायला सुरुवात केली होती, त्याला फोनवर ओरडलोच.

दुसरी इथली सवय म्हणजे नाक धुणं. प्रत्येक घरात प्लास्टिकची नाकधुणी असते, मिठाच्या मोजलेल्या पुड्या मिळतात. बाड एम्स गावच्या झऱ्याचं मीठ प्रसिद्ध आहे. मी सहकाऱ्याला म्हटलं, आमच्याकडे याला जलनेती म्हणतात आणि ती फार जुनी आहे. त्याला ते माहीतच नव्हतं.

बुचाचं_फूल

२०२१ च्या एप्रिल-मेमधल्या, कोरोनाच्या लाटेतल्या कापूर-लवंग-ओव्याच्या पुरचुंड्या आठवतात का? 'ऑक्सिजन वाढतो' म्हणून निरोप फिरत होते. माझ्या वडिलांचा ऑक्सिजन घरी ८८ वर आला होता आणि आम्ही पुरचुंडी हुंगायला देत बसलो. अर्धा दिवस गेला त्यात. वाचले ते, पण तो अर्धा दिवस मी विसरत नाही. पुरचुंडीला नाव ठेवत नाही, नाक मोकळं वाटतं तिने. ऑक्सिजन मोजायचं यंत्र सांगतं ते मात्र ऐका.

रसायनी_पाताळगंगा

सुगंध उद्योगात वीस वर्षं आहे, म्हणून बाटल्यांबद्दल लिहितो.

निलगिरीच्या दोन जाती बाजारात मिळतात. एकीला औषधी, कापरासारखा वास. तिच्यात सिनिओल भरपूर. दुसरीला लिंबासारखा वास. तिच्यात सिट्रोनेलल जास्त, ती डासांसाठी बरी, चोंदलेल्या नाकाला उपयोगाची नाही. लेबलवर दोन्हींना 'निलगिरी तेल'च लिहिलेलं असतं. झाकण उघडून वास घेतला की कळतं.

पुदिना म्हणून जे येतं ते बहुतेक उत्तर प्रदेशात, बाराबंकी वगैरे भागात पिकणाऱ्या जपानी पुदिन्याचं. त्यात मेंथॉल इतकं असतं की तेल थंड केलं की पांढऱ्या सुया जमतात. तेच पुदिन्याचं फूल. आणि इथे एक गंमत सांगायलाच हवी. पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर, तिन्ही घट्ट पदार्थ. कोरड्या बाटलीत एकत्र घालून हलवा. पाण्याचा थेंब न घालता काही मिनिटांत तिन्हींचं पाणी होतं. एकमेकांत मिसळले की त्यांचा वितळण्याचा बिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली जातो. आपली अमृतधारा ती हीच. ज्याने हे पहिल्यांदा पाहिलं असेल त्याला काय आनंद झाला असेल!

मोजमाप: साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. अंगाला लावायचं तर तीन चमचे, म्हणजे १५ मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पाच-सहा थेंब पुरे. डोळ्यांपासून लांब. लवंग तेल चेहऱ्याला लावूच नका, भाजतं. बाटली गडद काचेची हवी, झाकण घट्ट. उघड्या राहिलेल्या टी ट्रीचं हवेने रूप बदलतं आणि मग त्याने पुरळ उठतं. खात्री हवी असेल तर लिंबू किंवा संत्र्याच्या सालीच्या तेलाचा थेंब थर्माकोलवर टाकून बघा, खड्डा पडतो. वास गोड असला तरी द्रव्य काय ताकदीचं आहे ते दिसतं.

कुन्नूरचा_पाऊस

लिंबाच्या वासाची बाटली माझ्याकडे आहे! दोन वर्षं तीच वाफाऱ्यात टाकतोय. आज दुसरी आणली.

माऊची_आई

घरात मांजर असणाऱ्यांसाठी: डिफ्यूझर नको. मांजराच्या यकृताला ही तेलं पचवता येत नाहीत. अंगावर बसलेला अंश ती चाटते आणि पोटात घेते. आमची पिंगी टी ट्रीमुळे लटपटत चालायला लागली होती. पशुवैद्यांनी वेळेत ओळखलं, वाचली.

रात्रपाळी

तेलं बाजूला राहिली, मी नाकात मारायच्या थेंबांबद्दल लिहितो, कारण चोंदलेला माणूस शेवटी तिकडेच जातो.

झायलोमेटाझोलिनचे थेंब. पहिल्या रात्री जादू वाटली. दोन मिनिटांत नाक उघडलं, पहाटेपर्यंत झोपलो. मग रोज. मग दिवसातून चारदा. पाच महिने. बाटली संपत आली की हात थरथरायचा. दुकानदाराने कधी विचारलं नाही की एवढ्या बाटल्या कशाला. शेवटी थेंब मारूनही नाक उघडेना. डॉक्टरांनी सांगितलं, आता हे थेंबच नाक चोंदवतायत, औषध उतरलं की अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं. सोडवायला तीन आठवडे लागले. आधी एका नाकपुडीचे बंद केले, सोबत दुसरा स्प्रे चालू. पहिला आठवडा फार वाईट गेला. त्या आठवड्यात रात्री टिकून राहिलो ते रुमालावरच्या निलगिरीच्या थेंबावर. म्हणून मला 'नुसता भास' हा शब्द आवडत नाही. भासाने मला ते दिवस काढू दिले.

कानघसा

रात्रपाळी, 'नुसता' हा शब्द मी पुढे वापरणार नाही. तुम्ही केलंत ते अवघड असतं. बाकीच्यांसाठी: हे थेंब सलग तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे नाही.

ओलीसुकी

जलनेती करणाऱ्यांना एक विनंती. नळाचं पाणी थेट नको. अमेरिकेत लुइझियानात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणारी दोन माणसं मेंदूत अमीबा जाऊन दगावली. केरळात २०२४ मध्ये तळ्यात पोहलेल्या मुलांच्या बातम्या आपण वाचल्या, अमीबा तोच. प्यायलं तर काही होत नाही, नाकावाटे वर गेलं की होतं. फिल्टरचं पाणीही निर्जंतुक नसतं. पाणी खळखळून उकळा, झाकून कोमट करा.

मीठ किती? लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरला सपाट छोट्या चमच्याला किंचित कमी. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की झोंबत नाही. मीठ कमी पडलं तर पाणी नाकात टोचतं, तेव्हा लोक म्हणतात 'मला नेती सोसत नाही'. भांडं रोज धुऊन उपडं वाळवा.

कानघसा

अगदी बरोबर. ब्रिटनमध्ये जुनाट सायनसच्या ८७१ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल आला. काहींना वाफारा सांगितला, काहींना मिठाच्या पाण्याने नाक धुणं, काहींना दोन्ही. धुणाऱ्यांना सहा महिन्यांनी थोडा पण खरा फायदा दिसला. वाफाऱ्याने डोकेदुखीत जरासा उतार, बाकी फारसं नाही. म्हणून माझ्या रुग्णांना आधी मीठ-पाणी सांगते, तेल मागून.

आठ_अठराची_लोकल

नेती पहिल्यांदा केली तेव्हा पाणी एका नाकपुडीतून जाऊन दुसरीतून आलं आणि बायकोने टाळ्या वाजवल्या. सहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, पुन्हा!"

देवरुखची_सून

रानजाई, तू 'डावीकडे' लिहिलंस त्यावर मी अडकलेय. फक्त एकीकडेच आहे का? घाण वास येतो का?

माझं उजवीकडे होतं. आठ महिने. वाफारे, काढे, प्रतिजैविकांचे तीन कोर्स. माझ्या नाकाला कुजका वास येत राहायचा आणि मी घरभर शोधायचे, फ्रीज पुसायचे, मोरी घासायचे. कुणीतरी शेवटी दात बघितले. वरच्या दाढेचं रूट कॅनॉल दोन वर्षांपूर्वी झालं होतं, मुळाशी पू होता आणि ते मूळ गालातल्या पोकळीला टेकलेलं. दाढेचा इलाज झाल्यावर पंधरा दिवसांत नाक साफ. त्या आठ महिन्यांत मी निलगिरीच्या किती बाटल्या संपवल्या असतील!

मांडवी

पणजीहून लिहितेय. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, आणि मला बाराही महिने पडसं. एक दिवस फोडणीतल्या हिंगाचा वास येईना. मग अबोलीची वेणी नाकाशी धरली, तिला वास नसतोच, म्हणून मोगरा घेतला. काही नाही. तेव्हा रडू आलं. दुर्बिणीने पाहिलं तर दोन्हीकडे द्राक्षासारखे मऊ कोंब, पॉलिप. शस्त्रक्रिया झाली, स्प्रे चालू आहे, नाक धुते. सात आठवड्यांनी पहिला वास आला तो सुक्या बांगड्याचा. आईने घरात पेढे वाटले.

वास जाणं हे दुर्लक्ष करायचं लक्षण नाही, एवढं सांगायचं होतं.

भाकरतुकडा

मांडवी, सुक्या बांगड्यासाठी पेढे वाटणारं घर मला फार आवडलं.

हिरडा_बेहडा

थोडं वेगळं मत. वाचून असं वाटायला लागलंय की तेल म्हणजे विषच. माझ्या घरी पन्नास वर्षं निलगिरीची बाटली आहे, कुणाला काही झालेलं नाही.

रसायनी_पाताळगंगा

झालं नाही कारण तुमच्या आईने ती फळीवर उंच ठेवली असेल आणि थेंबानेच वापरली असेल. पूर्वी घरात एक छोटी बाटली असायची, वर्षभर पुरायची. आता सहा बाटल्यांचे संच येतात आणि डिफ्यूझर आठ तास चालतो. वस्तू तीच आहे, मात्रा बदललीय. बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निलगिरी आणि कापराच्या वापरानंतर मोठ्या माणसांना आलेल्या झटक्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्यात. फिट्सचा आजार असलेल्यांनी तर लांबच राहावं.

हिरडा_बेहडा

फळीवर उंच, हे खरं आहे. स्टुलावर चढावं लागायचं.

रानजाई

नऊ दिवसांनी लिहितेय, शाळेत परीक्षा होत्या.

देवरुखची सून, तुझा प्रतिसाद वाचून आधी दाताच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे काढला, दाढा ठीक आहेत. मग कान-नाक-घसा. दुर्बिण घातली, नाकाचा पडदा डावीकडे कलता आहे आणि अस्तर फिकट, सुजलेलं. ॲलर्जी, त्यावर सर्दी बसली आणि रस्ता बंद झाला असं म्हणाल्या. प्रतिजैविक दिलं नाही. स्टेरॉइडचा स्प्रे दिलाय. तो मारायची पद्धतही शिकवली: डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजवीला डावा, म्हणजे फवारा पडद्यावर न पडता बाहेरच्या भिंतीकडे जातो. याआधी मी एकदा असा स्प्रे आठवडाभर वापरून 'उपयोग नाही' म्हणून टाकला होता. त्याला गुण यायला दिवस लागतात, हेच मला ठाऊक नव्हतं.

मीठ-पाणी सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी जे बाहेर आलं त्याचं वर्णन करत नाही, पण त्यानंतर गालातला ठणका गेला. परवापासून आडवी झोपते! वाफेचं छोटं यंत्र आणलंय, मुलगा झोपल्यावर टेबलावर ठेवून पाच मिनिटं घेते, आत काही न टाकता. निलगिरी फक्त रुमालावर, तीही शाळेत. खिडक्यांना ओली चादर लावली आहे, धूळ बरीच अडते.

डॉक्टरांना एक विचारायचंय. पुन्हा असं झालं तर डॉक्टरांकडे जायच्या आधी किती दिवस थांबू?

कानघसा

छान वाटलं वाचून. दहा दिवस. त्याआधी बरं वाटून पुन्हा ताप-ठणका वाढला तरी दाखवा. डोळ्याभोवती सूज, दोन दोन दिसणं, मान आखडणं, खूप ताप, यातलं काही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. मधुमेह असलेल्यांना नाकातून काळपट येत असेल तर एक तासही थांबू नये.

रानजाई

लिहून फ्रीजवर लावलं. आता सासूबाईंचा प्रश्न, त्या शेजारी बसूनच सांगतायत: डिफ्यूझर बंद झाला, पण ओव्याची पुरचुंडी चालेल का? त्यांना स्वतःला नको, माझ्यासाठी करायची आहे. आणि प्रमाण काय?

भाकरतुकडा

काकूंना नमस्कार सांग. दोन चमचे ओवा तव्यावर कोरडाच भाजायचा, तडतडायला लागला की जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात बांधायचा. हाताच्या मनगटावर लावून बघायची, सोसेल इतकी गार झाली की गालाला आणि कपाळाला शेक. ओव्याचा धूर काकूंच्या खोलीत जाऊ देऊ नका, स्वयंपाकघराचं दार लावून भाज. थंड झाली की पुन्हा तव्यावर, त्याच ओव्याला दोन-तीन वेळा पुरतं.

रानजाई

त्या म्हणतायत, धोतर नाही, पण मामंजींचा जुना सदरा आहे. आत्ताच कात्री घेऊन बसल्या.